उजवी कड

"बसा. उभ्या राहा. आता वाका, जमिनीवरची सुई उचलल्यासारख्या," सिस्टर म्हणाली.

टेलरबाईंना हसू आलं. सुई उचलायला त्यांना कुणी शिकवायला नको होतं. पंधरा वर्षं दुसऱ्यांच्या कमरेला टेप लावण्यात गेली. आज पहिल्यांदाच त्यांच्या पोटावर कुणी खूण करणार होतं. सात वर्षं मोठं आतडं आतून सोलवटत होतं. औषधं थकली, त्याही थकल्या. उद्या ते आतडं काढून लहान आतड्याचं तोंड पोटावर आणायचं, त्यावर पिशवी लावायची. जागा आज ठरवायची होती.

"इथे, उजवीकडे," सिस्टरने पेन टेकवलं.

"डावीकडे नाही का जमणार?"

"का हो?"

अडीच वर्षांची लेक सासूबाईंच्या मांडीवर चुळबुळत होती. "मी डावखुरी. कात्री डाव्या हातात, ही उजव्या कडेवर. बसायला लागली तेव्हापासून तिथेच."

"घेऊन दाखवा बरं."

लेकीचा गुडघा नेमका खुणेवर टेकला. सिस्टरने बोटभर पुढे नवी खूण केली. गुडघा तिथेही आला. लेकीने बोट थुंकीने ओलं केलं. "आई, शाई." आणि खूण पुसू लागली.

"राहू दे गं बाई," सासूबाई म्हणाल्या, "डॉक्टर वाट चुकायचे!"

"लहान आतड्याचं टोक उजवीकडेच असतं," सिस्टर हळू आवाजात म्हणाली. "सहा आठवडे तर काहीच उचलायचं नाही. मग दुसरी बाजू शिकवा."

"तिला की मला?"

"दोघींना."

तेवढ्यात एक तरुण डॉक्टर शौचाचा नमुना घ्यायची डबी घेऊन आला. आतड्यातल्या जिवाणूंचा अभ्यास करत होता. "कोट्यवधी असतात. त्यांचं आणि शरीराचं का बिनसतं, ते अजून नीट कळलेलं नाही. तुम्हाला आज याचा उपयोग नाही. पुढे कुणाला तरी होईल."

"कोट्यवधी पाहुणे, आणि खाऊनपिऊन वर घरालाच भोकं!" सासूबाई पुटपुटल्या.

टेलरबाईंनी डबी घेतली. "माझ्या खाण्यात काही चुकलं का हो?"

"नाही. तुमचं काही चुकलेलं नाही."

सात वर्षांत हे वाक्य कुणीच बोललं नव्हतं. सासूबाईंनी मान खाली घातली.

दोन महिन्यांनी टेलरबाई पुन्हा कापायच्या टेबलापाशी बसल्या. पिशवीसाठी त्यांनी कपड्याला आतून कप्पा शिवला होता. बाहेरून शिवण दिसत नव्हती. वजन उचलायला डॉक्टरांनी कालच हो म्हटलं होतं. मधल्या काळात लेक आजीच्याच कडेवर असायची. आईने हाक मारली तरी लांबून बघायची.

आज ती झोपेतून उठली आणि सवयीने उजवीकडे आली. हात वर करता करता थांबली. आईच्या पोटाकडे पाहिलं. मग खुर्ची आणि भिंत यांच्या फटीतून अंग चोरत, मागून वळसा घालून डावीकडे आली आणि हात वर केले.

टेलरबाईंच्या डाव्या हातात कात्री होती, निम्म्या कापडात शिरलेली. चालू काप अर्ध्यात सोडला की तो वाकडा जातो. त्यांनी तो आजवर कधी सोडला नव्हता.

त्यांनी कात्री खाली ठेवली.