सात मुक्काम

सुलाबाईनं पल्लवीच्या खांद्यावर थोपटलं, तशी स्कूटी थांबली. म्हातारी लुगडं सावरत उतरली, रस्त्याकडेला वाकली आणि मूठभर गवत उपटून तिनं नाकाला लावलं. मग दोन काड्या दाताखाली चावून थुंकून टाकल्या.

"औषध मारलंय," ती म्हणाली. "लिव्ह. सहावा मुक्काम. बंद."

पल्लवीनं बॅगेतून वही काढली. सांगलीच्या कॉलेजात ती व्यवस्थापन शिकत होती. दिवाळीच्या सुट्टीआधी प्रकल्प द्यायचा होता : एक धंदा निवडा, त्याच्या भोवतालची परिस्थिती तपासा आणि पुढच्या पाच वर्षांचा बेत मांडा. बाकीच्या मुलींनी बेकरी निवडली, ब्यूटी पार्लर निवडलं. पल्लवीनं बापाची दीडशे मेंढरं निवडली. वहीत तिनं सहा रकाने आखले होते : सरकार, बाजार, समाज, तंत्र, निसर्ग, कायदा.

"आज्जी, औषध मारलंय हे निसर्गात लिहू का तंत्रात?"

"मेंढराच्या पोटात लिव्ह. तितंच जानार हाय ते."

पल्लवी हसली आणि तिनं दोन्हीकडं लिहिलं.

"सर म्हणतात, बाहेरचं वातावरण आपल्या हातात नसतं. ते आधी ओळखायचं आणि मग आपला बेत ठरवायचा."

"एवढ्यासाठी कालेजात जाती व्हय तू? तुझा आजा शाळेची पायरी चढला न्हाई, पर हेच करायचा."

ते खरंच होतं. आटपाडीकडच्या त्यांच्या वाडीतून दरसाल दिवाळीनंतर मेंढरं पश्चिमेला निघायची, ती पार पाटणच्या डोंगरापर्यंत. पण कळप हलण्याआधी एक माणूस पुढं जाऊन सगळी वाट बघून यायचा. पाणी कुठं आहे, चारा किती, कोण शेतकरी खतासाठी आपल्या रानात मेंढरं बसवून घेणार. तीस वर्षं हे काम सुलाबाईच्या नवऱ्यानं, अर्जुनानं केलं. तो परत आला की आधी त्याला तांब्याभर पाणी द्यायचं. तो पाणी पिईपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही. मग कळपाचा कर्ता तीनच प्रश्न विचारायचा आणि तो सांगेल त्यावर दीडशे-दोनशे जिवांचं वर्ष ठरायचं.

एकदाच त्याचं चुकलं. त्या साली पल्लवीचा बाप मल्हार सुलाबाईच्या पोटात होता. तिला आई नव्हती. थोरली बहीण पाटणच्या बाजूला दिलेली; बाळंतपण तिच्याकडं व्हावं असं सुलाबाईला फार वाटायचं. ती बोलली नव्हती, पण अर्जुनाला कळलं होतं. तो वाट बघून आला आणि म्हणाला, चारा आहे. चारा नव्हता. बहिणीच्या दारात मल्हार सुखरूप जन्मला, पण वाटेत बावीस कोकरं गेली. अर्जुनानं सगळ्यांसमोर जमिनीला हात लावला. "म्या डोळ्यानं न्हाई, मनानं बघितलं," म्हणाला. त्यानंतर तो कधी मनानं बघायला गेला नाही.

यंदा मल्हारपुढं पेच होता. मागच्या साली वाटेवर फार हाल झाले होते. यंदा जायचं, की चाळीस मेंढरं घरी बांधून बाकीची विकायची? बरोबर जाणारा चुलतभाऊ तानाजी जायचं म्हणत होता. मल्हारचं आठ दिवस काही ठरेना. मग एका सकाळी आईला म्हणाला, "आई, औंदा वाट तू बघून ये. तू म्हनशील तसं करू."

सुलाबाई त्या दिवशी दोनदा चहा प्याली. गुडघे धरल्यापासून गेली सहा वर्षं ती कळपाबरोबर गेली नव्हती. तिला वाटायचं, आता आपल्याला कोण विचारतंय.

काल पाटणपर्यंत जाऊन पाच ठिकाणं बघून झाली. रात्री दोघी कऱ्हाडात भाच्याकडं राहिल्या. जिथं मेंढरं बसायची तिथं कुठं द्राक्षबाग आणि तारेचं कुंपण, कुठं उसाच्या सरीतून ठिबकच्या नळ्या, कुठं प्लॉट पाडलेले. माणसं वाईट नव्हती. एकानं चहा पाजला आणि चहा पिताना नजर चुकवली. आता राहिलं होतं पलूसजवळचं इमामचं रान. काल जाताना त्याच्या घराला कुलूप होतं. घरची सगळी सांगलीला लग्नाला गेली होती.

आज इमाम दारातच बसला होता.

"या वैनी! मेंढरं सोडून फटफटीवर कवापासनं?"

"मेंढरास्नी लायसन मिळंना, म्हनून."

इमाम खदखदून हसला. घरामागचा दीड एकराचा तुकडा त्यानं तसाच मोकळा ठेवला होता. चारी बाजूंनी शेजाऱ्यांच्या बागा आणि मधे हे उघडं रान, कडेला लिंबाचं झाड. त्या झाडाखाली सुलाबाईनं किती चुली मांडल्या होत्या.

"रिजवान म्हनतो, द्राक्ष लावू," इमाम लेकाबद्दल सांगू लागला. "म्या म्हनलं, मी हाय तवर न्हाई. वैनी, तुमची मेंढरं बसली की म्होरल्या साली हळद कमरंला लागायची. तुमी कवाबी या."

पल्लवीनं घाईघाईनं वही उघडली. सुलाबाई लिंबाकडं बघत राहिली. तिच्या मनात कळप आधीच येऊन बसला होता.

तेवढ्यात इमामची बायको मेहरुनबी आतून आली. हातात स्टीलचा डबा होता.

"बरं झालं आलीस सुलाबाई. मल्हार इसरून गेला हुता. रिकामा कसा देऊ, म्हनून गूळ भरलाय."

इमामनं बायकोकडं पाहिलं, पण उशीर झाला होता. झाकणावर नाव कोरलेलं होतं : मल्हार अर्जुना. आटपाडीच्या बाजारात सुलाबाईनंच ते घालून घेतलं होतं.

"कवा आल्ता?" तिनं विचारलं.

इमामनं टोपी काढली, परत घातली. "पंधरा दिस झालं. मोटारसायकलवर आल्ता. पाटनपातूर सगळं बघून, परत जाताना. सांगू नका म्हनला हुता. हितं लिंबाखाली लय येळ बसला. डब्यातली भाकरी तशीच हुती, वैनी. शिवलाबी न्हाई."

"म्हणजे पप्पांना सगळं माहीत होतं?" पल्लवी म्हणाली. "मग आपल्याला कशाला पाठवलं?"

सुलाबाईनं डबा पदरानं पुसला. पुसलेला होता तरी पुन्हा पुसला.

"पेट्रोल त्येनं भरलं न्हवं? मग गप बस."

निघताना इमाम स्कूटीजवळ आला. "मेंढरं आली न्हाईत तरी लेंडीखत तरी ठेवा माज्यासाठी. मी ट्रॅक्टर लावून देतो. हळदीला दुसरं कशाचं येतंय?"

विट्याजवळ पोचल्यावर सुलाबाईनं विचारलं, "इमामला कुठल्या रकान्यात घातलंस गं?"

"शेवटच्या पानावर. संधीमध्ये."

"तितनं काढ त्येला. त्यो मानूस हाय." थोड्या वेळानं ती म्हणाली, "लेंडीखत घाल तितं."

दोघी वाडीत पोचल्या तेव्हा ऊन कलतं होतं. अंगणात मल्हार आणि तानाजी घोंगडं अंथरून बसले होते. मल्हार उठला, आत गेला आणि तांब्या भरून घेऊन आला. सुलाबाईनं उभ्यानंच सगळं पाणी संपवलं. तोवर कुणी बोललं नाही.

"पानी?" मल्हारनं विचारलं. आवाज अगदी बापासारखा लागला.

"कॅनॉलला हाय. पर तितं जायाला वाट ठेवली न्हाई."

"चारा?"

"हिरवा दिसतोय. खान्याजोगा न्हाई."

"मानसं?"

सुलाबाईनं तांब्या खाली ठेवला. "मानसं हायेत. जागा न्हाई त्यांच्याजवळ. सात मुक्काम बघितलं. सा बंद. एक उघडा."

"उघडा हाय न्हवं एक?" तानाजी पुढं सरकला.

"एका मुक्कामानं वाट हुत न्हाई, तानाजी." तिनं जमिनीला हात लावला. "डोळ्यानं बघितलंय."

मल्हार मान खाली घालून घोंगड्याचा धागा ओढत होता. "मग चाळीस ठेवू," तो हळूच म्हणाला.

"चाळीस ठिव. इमामचा ट्रॅक्टर येनार हाय लेंडीला. बाकीचं पल्लवीच्या वहीत हाय."

मग तिनं पिशवीतून डबा काढला आणि घोंगड्यावर मधोमध ठेवला. झाकणाचं नाव मल्हारच्या बाजूला आलं. तानाजीनं गुळाचा खडा उचलला, पल्लवीनं उचलला. मल्हारचा हात डब्यापाशी जाऊन थांबला. त्यानं आईकडं पाहिलं. ती पायांवरची धूळ झटकत होती.

"घे," ती म्हणाली. "आनि परत कुटं गेलास तर भाकरी खाऊन घेत जा, बाबा."