चोरीचा गुलाब

अठ्ठावन्न साली सुशीला पाचगणीहून निघाली तेव्हा ट्रंका एसटीच्या टपावर गेल्या आणि गुलाब तिच्या मांडीवर आला. तेलाच्या पत्र्याच्या डब्यात लावलेला. गाडी फोंडाघाट उतरू लागली तशी हवा ओली झाली, अंगाला लुगडं चिकटू लागलं. कंडक्टर म्हणाला, "बाई, ते झाड तरी खाली ठेवा." ती कसली ठेवते! तिच्या आईच्या दारचा गुलाब होता तो. आई गेली, भावाने घर विकलं, आणि माहेरचं म्हणून तिच्याजवळ उरला तो एवढाच.

तिचा नवरा परशुराम पाचगणीच्या एका शाळेत आचारी होता. तरुणपणी देवगडजवळची वाडी सोडून गेला तो तिथेच रमला, बायकोही तिथलीच केली. पण उतारवयात थंडीने त्याला दम लागायला लागला आणि डॉक्टर म्हणाले, गावाकडे जा. गावच्या उबेत त्याची छाती आठवड्याभरात मोकळी झाली. माणूस पहाटे उठून भजनं काय म्हणायचा, विहिरीचं पाणी काय ओढायचा! पाचगणीहून आणलेल्या फुलझाडांनी मात्र माना टाकल्या. डेलियाचे कंद कुजले, जिरेनियम पिवळं पडलं. राहता राहिला गुलाब.

पाचगणीत सगळी धडपड झाडाला ऊन मिळावं म्हणून. त्याच सवयीने सुशीलेने गुलाब अंगणाच्या मधोमध लावला, वरून रखरखीत ऊन, समोरून समुद्राचा खारा वारा. पाणी घालून घालून तिचे हात भरून यायचे, आणि पानं करपायची ती करपायचीच.

"हा गेला तर माझं माहेर संपलं हो," ती परशुरामाला म्हणाली.

"अगो, झाडच तां," तो म्हणाला, आणि तिचं तोंड बघून कळशी उचलून विहिरीवर गेला.

शेवटी तिने मन मोठं केलं. म्हटलं, इथे जगणारी चार झाडं लावू, अंगण असं भुंडं नको. शेजारी, चिऱ्याच्या गडग्याच्या कुंपणापलीकडे, काशीबाई राहायची. तिच्या परसात अबोली अशी माजलेली, की बघत राहावं. सुशीलेने चांगलं लुगडं नेसून, वाटीभर साखर घेऊन जाऊन रीतसर विचारलं, "काशीवैनी, अबोलीची दोन रोपं द्याल का?"

काशीबाई गडगडून हसली. "रोपां काय मागूची आसतत गो? बस, च्याय पी. आणि काय सांगा तुका, दुपारी जेवल्यार माका अशी झोप लागता, कोणी ढोल बडवल्यान तरी उठूचंय नाय. फाटक तर उघडाच आसता."

झालं. चहा पाजून वाटेला लावलं! पलीकडची आनंदीही तसलीच. तिच्याकडे रोप मागितलं तर म्हणे, "मंगळवारी आमी बाजाराक जातंव, घरात कोण नसता, तेवा ये." घरात कोणी नसताना या म्हणून पाहुण्याला सांगतात का कुठे? सुशीलेच्या डोक्यात तिडीक गेली. एवढी झाडं दारात आणि दोन रोपांना जीव जातो यांचा!

त्यावर कडी म्हणजे एका सकाळी गुलाबाच्या उरल्यासुरल्या हिरव्या फांद्यांतली चांगलीशी एक कुणीतरी कापून नेलेली. स्वच्छ कोयतीने, तिरपी कापलेली. सुशीला अंगणात उभी राहून गडग्याकडे तोंड करून ओरडली, "मागितलं तर द्यायचं नाही आणि न मागता न्यायचं! लाजा नाहीत मेल्यांना!" पलीकडे काशीबाई भांडी घासत होती, ती घासतच राहिली. पुढे पावसाळ्यात अंगणात पाणी साचलं आणि गुलाबाचं मूळ कुजलं. त्या दिवशी सुशीला जेवली नाही. शेजारणींशी बोलणं तर तिने केव्हाच टाकलं होतं.

नवरात्रात काशीबाई देवळाकडे निघाली होती. सुशीला दारातच होती. वाऱ्यावर वास आला आणि तिने मान वळवली. काशीबाईच्या अंबाड्यात गुलाब होता. तोच फिका गुलाबी, तोच आईच्या अंगणाचा वास.

सुशीला अनवाणीच धावली. मागून परशुराम, आणि वाटेतून परतलेली काशीबाई. काशीबाईच्या घरामागे, केळीच्या सावलीत, भांड्यांचं पाणी जातं तिथे गुलाब कमरेएवढा वाढला होता, बुंध्याशी सुक्या पानांच्या पातेऱ्याची गादी.

"हा माझा गुलाब!" सुशीला ओरडली.

"तुझोच. मगे कोणाचो?" काशीबाई जराही लाजली नाही. "उन्हात मरतलो दिसलो, म्हणान चोरून हाडलंय. मागून घेतलंय असतंय तर लागलो नसतो. मागून हाडलेला झाड धरणा नाय गो, चोरून हाडलेला धरता. सगळ्या वाडीक म्हायत आसा."

"मग मी अबोली मागायला आले तेव्हा?"

"सांगलंय ना तुका! फाटक उघडा आसा, माका झोप लागता. आणखी कसा सांगूचा, दवंडी पिटूची?"

परशुरामाने कपाळाला हात लावला. "अगो, तू मागूक गेललस? माका बोललस तरी काय?"

सुशीलेला हसूही आलं आणि रडूही. एवढे महिने राग राग केला आणि तिचं माहेर इथे पाणी पिऊन मजेत उभं होतं. तिने डोळे पुसले. "वैनी, मला एक फांदी..."

"देवची नाय!" काशीबाई जवळजवळ ओरडलीच. मग तिने भलीमोठी जांभई दिली. सकाळची वेळ, चूल नुकती पेटलेली, देवळात जायचं राहिलेलं. "जेवाण जड झाला गो बाय," म्हणत ती मागच्या पडवीत आडवी झाली आणि घोरायला लागली.

सुशीलेने पडवीतलीच कोयती घेतली. एक फांदी तिरपी कापली. जाता जाता तिने अबोलीची दोन रोपंही उपटली, तेव्हा घोरणं जरा वाढलं.

फांदी तिने या खेपेला घरामागे लावली, अर्ध्या सावलीत, मोरीच्या पाण्यावर. ती धरली. पुढच्या वर्षी शिमग्याच्या आधी फूल आलं. सुशीलेने पहिलं फूल देवाला वाहिलं, दुसरं काशीबाईच्या अंबाड्यात स्वतः खोवलं.

एका दुपारी ती मागच्या दारात पान लावत बसली होती. फाटक किरकिरलं. आनंदी पदराखाली कोयती लपवून दबकत गुलाबाकडे चालली होती. आईचा गुलाब, त्यावर कोयती! ती अर्धी उठलीसुद्धा.

मग तिने पान बाजूला ठेवलं आणि तिथेच उंबऱ्याला डोकं टेकून डोळे मिटले.

आतून परशुरामाने विचारलं, "कोण इला गो?"

"कुणी नाही," सुशीला म्हणाली, "मी झोपलेय," आणि मोठ्याने घोरायला लागली.