मे महिन्याचे तक्ते

“हे अक्षर तुमचंच ना, बदरोद्दीन?”

अधिकाऱ्यांनी कागद पुढं केला. शाळेच्या पटांगणात मांडव घातला होता आणि बोरमाळावर स्टीलचा कारखाना यावा की नाही, याची जनसुनावणी चालली होती. बदरोद्दीननं चष्मा लावला. कॉलेजातल्या बरण्यांवर चिठ्ठ्या लिहून लिहून घोटलेलं गोल अक्षर त्याचंच होतं. बोरमाळ, मे १९९८: शून्य. मे १९९९: शून्य.

“माझंच हाये.”

“म्हणजे तो दुर्मिळ पतंग तिथं नाही.”

पहिल्या रांगेत अण्णासाहेब बसले होते. ते प्राणिशास्त्राचे प्राध्यापक, आणि बदरोद्दीन एक्क्याऐंशीपासून त्यांच्या प्रयोगशाळेतला शिपाई. कारखान्याच्या पाहणी अहवालावर सही त्यांचीच होती. खाली, ‘नोंदी: बदरोद्दीन’. एकोणीस वर्षांत त्याचं नाव कुठं छापून आलं नव्हतं, ते इथं आलं.

नखाएवढा, राखी पंखांचा तो पतंग. मेंढरांनी खुरटून टाकलेल्या कुसळी गवतावरच बसायचा आणि गौरी गेल्या की जेमतेम पंधरा दिवस दिसायचा. सुरुवातीला दोघांना तो परतूर भागातल्या सात माळांवर सापडला होता. चार माळ नांगरले गेले, दोन खडीच्या क्रशरनं खाल्ले. उरला बोरमाळ. तोही गोजरबाईनं दाखवलेला. तिची मेंढरं तिथं चरायची. “ह्यो राख्या व्हय? माझ्या मेंढरांच्या पायात असतोय की, बदरूभाऊ,” असं म्हणून ती पोटभर हसली होती.

सरांनी त्याला एक शिकवलं होतं. दिसला नाही तर शून्य लिहायचं, रकाना रिकामा सोडायचा नाही. म्हणून हा माणूस भर मे महिन्यातही सायकल दामटत माळावर जायचा. काही दिसणार नाही हे ठाऊक असायचं, तरी गवत न् गवत पाहून शून्य लिहून यायचा. दुसरा कुणी असता तर घरीच पंख्याखाली बसून लिहिलं असतं. याला आपल्या शून्यांचा अभिमान होता, वेडा कुठला.

गेल्या महिन्यात सर म्हणाले होते, “बदरोद्दीन, मेचे तेवढे तक्ते काढ रे. लेख लिहितोय.” त्यानं धूळ झटकून, क्रमानं लावून दिले. आपली शून्यं अखेर कामाला आली म्हणून त्या दिवशी तो घरी पेढे घेऊन गेला होता.

आता बदरोद्दीननं चष्मा काढला. “साहेब, हे मेचे हायेत. राख्या भादव्यात निघतो. त्याचे बी तक्ते हायेत, दरसालचे, बिलकुल बराबर.”

“कुठं आहेत?”

“सरांच्या कपाटात.”

सगळ्यांनी अण्णासाहेबांकडं पाहिलं. ते सावकाश उठले. “पाहावं लागेल. जुने कागद आहेत, वाळवीनं काही ठेवलं असेल तर.” मग अधिकाऱ्यांकडं वळून म्हणाले, “मी मात्र खोटं काही लिहिलेलं नाही.”

ते खरंच होतं. बदरोद्दीनला तेच सगळ्यांत जास्त लागलं.

अधिकाऱ्यांनी त्याच्या सचोटीच्या नोंदींबद्दल आभार मानले आणि पुढचं नाव पुकारलं.

मांडवाबाहेर गोजरबाई उभी होती. लिहिता-वाचता येत नसलं तरी तिला सगळं कळलं होतं.

“माळ म्या दावला,” ती म्हणाली. “कागद तुमी दिला.”

“बाई, मला काय ठाव, सर असं करतील...”

“मला इचारलं आसतं तं? आता मेंढरं कुठं चारू?”

टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. दोघं सकाळी त्याच टेम्पोतून आले होते. बदरोद्दीन आत चढला आणि अंग चोरून शेजारी जागा केली. गोजरबाईनं ती जागा पाहिली. मग डोक्यावरचा पदर नीट केला आणि भर उन्हात बोरमाळाच्या वाटेनं पायी चालू लागली.