हलकी रायफल

प्रफुल्लने दुकानाच्या काउंटरवरची रायफल उचलून खांद्याला टेकवली. ज्ञानदेवांची नजर आधी जावयाच्या बोटांकडे गेली, मग चेहऱ्याकडे. चेहरा नेहमीसारखाच शांत होता. हा शांतपणाच हल्ली त्यांना झोपू देत नव्हता.

परवा भांडी विसळताना हर्षिताच्या टी-शर्टचा गळा सरकला आणि उजव्या खांद्यावरचा काळानिळा डाग त्यांना दिसला.

"कपाटाचं दार लागलं, बाबा," ती पटकन म्हणाली होती.

शिवाय सकाळच्या वंदनेत पहिलं शील म्हणताना, प्राणिहिंसेपासून दूर राहीन म्हणताना, तिचा आवाज खाली जायचा. लेक कशाला तरी भिते आहे, एवढं त्यांना कळत होतं. आणि आता हा रायफल घेतोय. यंदाचा, शहाण्णव सालचा, दीक्षाभूमीचा सोहळा चुकवून ते अमेरिकेत, अर्विंगला लेकीकडे आले, ते हे बघायला?

"हरणांसाठी," प्रफुल्ल म्हणाला होता. "ऑफिसातले लोक शिकारीला जातात. तुम्हीही चला दुकानात, घरी बोअर व्हाल."

ज्ञानदेवांची हयात नागपुरात पुस्तकं सांभाळण्यात गेली. तोंडावर विचारायचं धाडस नव्हतं, म्हणून त्यांनी इथल्या लायब्ररीत बसून शिकारीवरचं एक पुस्तक वाचून काढलं होतं.

"टू-फॉर्टी-थ्रीच द्या," प्रफुल्ल विक्रेत्याला म्हणाला.

"पुस्तकात याहून मोठं, थर्टी-ऑट-सिक्स म्हटलंय," ज्ञानदेव पुटपुटले. "हे काडतूस हरणासाठी लहान पडतं म्हणतात, प्रफुल्लराव."

"बाबा, तुम्ही काडतुसांवर पुस्तक वाचलंत?"

"सहज." त्यांचे कान तापले.

प्रफुल्लने हे इंग्रजीतून सांगितलं तेव्हा म्हातारा विक्रेता हसला. टेक्सासची हरणं अंगानं लहान, त्याने समजावलं. नेम धरता आला तर हे काडतूस पुरतं. मोठ्याचा धक्काही मोठा. त्या भीतीनं माणूस चाप ओढताना डोळे मिटतो आणि जनावर जखमी होऊन पळतं.

पण या सहा फुटी माणसाला धक्क्याची कसली भीती? ज्ञानदेवांनी पुन्हा निरखून पाहिलं. रायफलीचा खांद्याला टेकवायचा दस्ता आखूड होता. धाकट्या भावाचा सदरा चढवल्यासारखा प्रफुल्ल त्यात अवघडला होता.

"तुम्हाला आखूड पडतेय."

"चालेल, बाबा." प्रफुल्लने नजर चुकवली.

"ती उसनी थर्टी-ऑट-सिक्स रायफल," विक्रेता म्हणाला, "तिनं बराच मार दिला म्हणे?" आणि त्याने स्वतःच्या उजव्या खांद्यावर थाप मारली. प्रफुल्लने त्याला डोळ्यांनी दटावलं.

ज्ञानदेवांचा हात आपसूक स्वतःच्या उजव्या खांद्यावर गेला आणि बराच वेळ तिथेच राहिला.

मग ते भिंतीकडे वळले. दस्त्याच्या टोकाला लावायचे रबरी पॅड तिथे टांगले होते. त्यांनी एक काढून अंगठ्याने दाबून पाहिला, परत ठेवला, त्याहून जाड काढला.

"हा बसेल का याला?"

प्रफुल्लने रायफल काउंटरवर ठेवली.

"बाबा, हर्षितानं तुम्हाला सांगितलं?"

"नाही. आणि मला कळलंय, हे तिला सांगू नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं वंदनेला बसले. हर्षिताने हात जोडून डोळे मिटले. ज्ञानदेवांनी घसा खाकरला आणि पहिलं शील एकट्यानेच, घाईघाईने म्हणून टाकलं, तिला सूर मिळवायला वेळ न देता.