आज उशीवर

ठीकराव हे नाव त्यांना बायकोनं ठेवलं होतं, आणि ते शोभतही होतं. तोफखान्यात एकवीस वर्षं काढलेल्या या माणसाला कुणीही, काहीही विचारलं तरी उत्तर एकच: "ठीक आहे, साहेब!" एकदा गोळा तोफेजवळच फुटला आणि ते चार हात लांब जाऊन पडले. तेव्हाही उठून, कपडे झटकून त्यांनी हेच सांगितलं होतं.

डोकं दुखायला लागलं ते त्या दिवसापासून. महिन्यातून चार-पाच वेळा अर्धं डोकं असं ठणकायचं, की उजेड नको, आवाज नको, स्वयंपाकाचा वास नको. मग बायको खिडकीवर जाड कांबळं टांगायची आणि ठीकराव भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे.

"कसं वाटतंय?" ती विचारायची.

"ठीक आहे."

अशा माणसाशी संसार करायचा म्हणजे बंद पेटीशी गप्पा मारायच्या.

निवृत्तीनंतर ते पत्र्याच्या कारखान्यात लागले होते. तिथे दिवसभर हातोड्यांचा ठणठणाट. अपंगत्वाची पेन्शन मंजूर झाली असती तर ते काम सोडता आलं असतं, पण अर्ज दोनदा परत आला होता. स्फोटाची नोंद आहे, डोकेदुखीची एकही नाही, असं पेन्शन ठरवणाऱ्या मंडळाचं म्हणणं. असणार कुठून? आजारी म्हणून नाव नोंदवलं, की तोफेवर माणूस कमी. उरलेल्या पाचांनी सहाजणांचं काम ओढायचं. ते यांना रुचणार थोडंच! पलटणीच्या दवाखान्यातलं त्यांचं पुस्तक धुतल्या तांदळासारखं स्वच्छ राहिलं. आता हे तिसरं अपील, आणि शेवटचं.

माजी सैनिकांच्या कचेरीतल्या म्हाताऱ्या कारकुनानं चष्मा कपाळावर चढवला. "वहिनी, तुमचा शब्द पुरणार नाही. बायको नवऱ्याच्या बाजूनंच बोलणार, असं मंडळ धरून चालतं."

"मंडळाला आठवडाभर माझ्या घरी राहायला पाठवा," ती म्हणाली. "मग कळेल, बायको कुणाच्या बाजूनं बोलते ते."

कारकून पोट धरून हसला. "तसं नाही हो. बाहेरच्या माणसानं त्या त्या दिवशी लिहून ठेवलेलं काही असेल तर बघा. तारखेसकट."

बाहेरचं माणूस म्हणजे खालच्या मजल्यावरच्या ड्रमवाल्या बाई. गेली सहा वर्षं आठवड्यातून तीन दिवस बारा पोरं त्यांच्याकडे ड्रम शिकायला यायची. ठीकराव कौतुकानं म्हणायचे, "नशीब बघ माझं! डोकं दुखतं, त्या दिवशी नेमकी बाईंची सुट्टी असते." बायकोलाही ते खरं वाटायचं. त्यामुळे बाईंकडे काही सापडेल अशी तिला फारशी आशा नव्हती. ती आपली विचारून बघायला गेली.

बाईंनी हजेरीची वही पुढे केली. तारीख, पोरांची नावं आणि शेवटच्या रकान्यात त्या दिवशी काय शिकवलं ते. मधूनमधून तिथे दोनच शब्द होते: 'आज उशीवर.'

"हे काय?"

"तुमच्या खिडकीला कांबळं दिसलं, की आम्ही ड्रम झाकतो आणि उशा काढतो. काठ्या उशीवर मारायच्या. मनगट चांगलं तयार होतं हो त्यानं."

"सहा वर्षं?"

"सहा वर्षं. पोरंच जिन्यातून ओरडत येतात, बाई, कांबळं!"

"आणि तुम्ही कधी बोलला नाहीत?"

"काय बोलणार, वहिनी? जिन्यात भेटले, की मी विचारायची, बरे आहात ना? ते म्हणायचे, ठीक आहे. म्हटलं, माणूस लपवतोय तर लपवू दे."

ती तिथेच ड्रमच्या स्टुलावर बसली आणि हमसून हमसून रडली. मग नाक पुसून तिनं वही मागून घेतली.

नवऱ्याला तिनं यातलं काही सांगितलं नाही. 'शेजाऱ्यांना कशाला त्रास?' म्हणून ते अडून बसले असते. मंडळापुढे जायच्या दिवशी तिनं फक्त दम भरला, "आज 'ठीक' हा शब्द तोंडातून काढायचा नाही." ठीकरावांनी मान डोलावली.

आत तीन माणसं बसली होती. मधल्या डॉक्टरांनी सहज विचारलं, "काय, डोकं कसं आहे?"

ठीकराव ताडकन उभे राहिले. छाती पुढे, हात पँटच्या शिवणीला. "ठीक आहे, साहेब!"

झालं, सगळं मुसळ केरात! बायकोनं कपाळावर हात मारून घेतला. शेजारी कारकुनानं डोळे मिटले.

डॉक्टर मात्र अपिलाला जोडलेली वही चाळत होते. "हे 'आज उशीवर' म्हणजे काय?"

मागच्या बाकावरून ड्रमवाल्या बाई उठल्या आणि त्यांनी कांबळ्यापासून काठ्यांपर्यंत सगळं सांगितलं. एकशे सदतीस वेळा, मोजून.

ठीकराव सावकाश मागे वळले. "बाई... माझ्यासाठी?"

"तुमच्यासाठी कसलं? मनगटासाठी!" बाई म्हणाल्या.

आपला भार दुसऱ्यावर पडू नये म्हणून ठीकरावांनी इतकी वर्षं तोंड मिटून काढली होती, आणि इथे बारा पोरांची पलटण तो मुकाट्यानं उचलत होती. ते पुन्हा डॉक्टरांकडे वळले. हात शिवणीवरून सुटले होते.

"दुखतं, साहेब," ते म्हणाले. "फार दुखतं."

बायकोनं हे वाक्य आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. आत्ता, सगळ्यांसमोर नवऱ्याला मिठी मारावी असं तिला वाटलं.

महिन्याभरानं मंजुरीचं पत्र आलं, तेही नेमकं कांबळं टांगलेल्या दिवशी. तिनं ते जिन्यात उभ्या उभ्या वाचलं, आधी खाली जाऊन बाईंना दाखवलं आणि मग पाय न वाजवता वर आली. अंधारात ठीकराव कान देऊन पडले होते.

"खाली धपधप कसली गं?"

"तुमचं अपील मंजूर झालं. पोरं उशा बडवतायत."

सवयीनं तिनं विचारलं, "कसं वाटतंय?"

"डोकं फुटतंय गं," ठीकराव म्हणाले आणि अंधारात तिचा हात चाचपून घट्ट धरला. "उद्या कांबळं काढलंस, की बाईंना सांग, सगळे ड्रम एकदम वाजवा म्हणावं. मी जिन्यात बसून ऐकणार आहे."