दहीभात होईपर्यंत

सत्यनारायण जेवताना बोलत नसत. आपोशन घेतलं की तोंडाला कुलूप, ते थेट दहीभात संपून हात धुवेपर्यंत. आजोबांचा नेम, वडिलांचा नेम, आणि कावेरीच्या मुलखातल्या त्या गावात राजवाड्यामागच्या गल्लीतल्या मराठी घरांत तो पाळणारे आता हे एकटेच उरले होते. घरात दुसरं माणूस नाही, मग हे मौन कोणाशी, असं त्यांना कोणी विचारलं नाही. विचारायला तरी होतं कोण?

कमलाक्षी होती तोवर मौन परवडत होतं. फोन वाजला की ती उचलायची, "जेवतायत, थांबा" म्हणायची, आणि अगदीच निकड असली तर फोन नवऱ्याच्या कानाशी धरायची. ते "हूं" एवढंच करायचे आणि पलीकडचा काय ते समजायचा. एकाने मौनात बसायचं तर दुसऱ्याला कान उघडे ठेवावे लागतात, हे त्यांना बायको गेल्यावर कळलं. शहाणपण असंच येतं, वरात गेल्यावर.

एका खासगी कॉलेजातल्या मोठ्या संगणकाची देखभाल त्यांच्याकडे होती. लोक आपापली गणितं त्यात रांगेला लावून जात, यंत्र ती एकेक करून सोडवी. शुक्रवारी भुवना त्यांच्या टेबलाशी आली. ओरत्तनाडूच्या मराठी घरातली मुलगी, कावेरीच्या पाण्यावर संशोधन करणारी. तिचं गणित दिवसदिवस चाले, आणि नेमून दिलेली वेळ संपली की यंत्र त्याला मारून टाकी.

"सर, मारायच्या आधी 'आवर आता' असा सिग्नल येतो की नाही?"

"येतो. टर्म म्हणतात त्याला."

"तो आला की झालेलं काम लिहून ठेव, असं मी स्क्रिप्टमध्ये सांगिटलंय. तरी एक ओळ लिहीत नाही. तुमचं यंत्र खोटं बोलतं."

यंत्राला कोणी खोटं म्हटलेलं त्यांना खपत नसे. तिची स्क्रिप्ट, म्हणजे गणित चालवायच्या सूचनांची यादी, त्यांनी उघडून वरून खाली वाचली आणि ते हसले.

"यंत्र खरं आहे, बाळ. तुझी स्क्रिप्ट गणिताला पुढ्यात घेऊन, ते कधी संपतं बघत बसलीय. सिग्नल तिला पोचतो. पण पुढ्यातलं संपल्याशिवाय ती त्याच्याकडे वळत नाही. यंत्र जरा वेळ वाट बघतं आणि दुसरा सिग्नल धाडतं, किल. तो कोणालाच थोपवतां येत नाही."

"म्हणजे तुमच्यासारखीच की," भुवना म्हणाली. "दहीभात होईपर्यंत जग बुडो."

ते तिच्याबरोबर हसले खरे, पण ते वाक्य कुठेतरी लागलं. मग त्यांनी उपाय सांगितला. गणित पुढ्यात न ठेवता मागे सोडायचं, आणि स्क्रिप्टनं नुसतं 'वेट' म्हणून रिकाम्या हातांनी बसायचं. असं बसलं की सिग्नल आला त्या क्षणी उठता येतं. मग तो गणिताला कळवायचा आणि त्याचं लिहून होईपर्यंत पुन्हा थांबायचं. शनिवारी भुवनानं करून पाहिलं. गणित मेलं, पण सगळं लिहून ठेवून मेलं. तिनं त्यांना चकलीसारखा मुरुक्कू आणून दिला.

रविवारी हरिता नॉर्वेला राहायला निघाली होती. त्यांची एकुलती एक मुलगी, इतके दिवस चेन्नईला होती, तिथून सणासुदीला तरी यायची. "विमान दुपारचं आहे, अप्पा. तुम्ही जेवून घ्या, मग मी फोन करतें," असं तिनं आदल्या दिवशी सांगितलं होतं. आठवडाभर ते एकच वाक्य मनात घोळवत होते: मला एकट्याला करमत नाही गं, वर्षातून एकदा तरी येत जा. बापानं मुलीला सांगायला काय अवघड आहे? पण त्यांनी असलं काही जन्मात कोणाला सांगितलं नव्हतं.

नेहमीच्या वेळेला त्यांनी पान मांडलं, फोन शेजारी ठेवला आणि आपोशन घेतलं. सांबारभात झाला. रसम वाढून घेतलं आणि फोन वाजला. हरिता.

एवढ्यात कसा? ती तर जेवणानंतर करणार होती. उजवा हात भातात तसाच राहिला. फोन वाजत होता आणि तो कानाशी धरणारी घरात नव्हती. त्यांना भुवनाची स्क्रिप्ट आठवली. डाव्या हातानं त्यांनी फोन उचलला आणि बोलले, "हरिता, बोल."

पलीकडे विमानतळाचा गलबला होता.

"अप्पा? तुम्ही जेवत नाही का? काय झालं?"

"जेवतोंय."

"मग उचललांत कां?" तिचा आवाज फुटला. "तुम्ही उचलणार नाही म्हणूनच तर आत्ता केला. नुसती रिंग देऊन जाणार होतें. तुमच्याशी बोललें तर माझा पाय निघायचा नाही, अप्पा."

आठवडाभर घोळवलेलं वाक्य ओठांवर आलं होतं. आत्ता ते म्हटलं असतं तर ती फिरली असती, हे त्यांना लख्ख कळलं. पोटच्या पोरीला त्यांनी ओळखलं होतं. त्यांनी ते वाक्य गिळलं. रसमाच्या घोटापेक्षा ते तिखट होतं.

"सरी, बरंय," ते म्हणाले. "तूं बोलूं नको. फोन असू दे. मी जेवतों."

मोडलेलं मौन त्या पानावर पुन्हा धरता येत नाही, उठावं लागतं, असं वडील म्हणत. सत्यनारायण उठले नाहीत. फोनचा आवाज मोठा करून तो पानाशेजारी ठेवला आणि खाली मान घालून रसमभात जेवू लागले. पलीकडे घोषणा होत होत्या, कोणाचं तरी मूल रडत होतं, आणि मधूनमधून हरिता नाक ओढत होती. कमलाक्षी गेल्यापासून जेवताना त्यांना पहिल्यांदाच सोबत होती.

दहीभात कालवला तेव्हा तिच्या विमानाचं नाव पुकारलं गेलं.

"येतें, अप्पा."

"हूं," ते म्हणाले.