अस्वलाच्या नखाला चष्मा

सहलीला निघताना गोटीच्या आईने बॅगेत तापाचं औषध, मलम, तीन स्वेटर आणि शाळेतून आलेली चिठ्ठी असं सगळं भरलं. चिठ्ठी न्यायची खरं तर गरज नव्हती, ती तिला तोंडपाठ होती. मुलगी वर्षभरात वर्गात एक शब्दही बोललेली नाही. सुट्टीनंतरही हेच राहिलं तर पुढच्या वर्गात घालणं अवघड आहे. आणि हीच गोटी घरात बोलून बोलून कान किटवायची! दाराबाहेर पाऊल पडलं की मात्र तोंडाला कुलूप.

"कुलूप तूच घालतेस," सासूबाई म्हणायच्या. "विचारायचं तिला, उत्तर तुझ्याकडून."

आजही तेच. वस्तुसंग्रहालयाच्या तिकीटखिडकीतल्या बाईंनी गोटीला हौसेने विचारलं, "काय बघणार गं?" आणि उत्तर दिलं आईने, "देवमासा." सासूबाईंनी नुसतं बघितलं. ते बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

देवमाशाचा सांगाडा पहिल्याच दालनात छताला टांगलेला होता. दीडशे वर्षं इथेच आहे, असं पाटीवर मोठ्या अभिमानाने लिहिलेलं. म्हणजे हूकही दीडशे वर्षांचे! तिने गोटीला भिंतीकडेने नेलं. नवरा फोटो काढत मागेच रेंगाळला.

तिसऱ्या दालनात सासूबाईंच्या गुडघ्यांनी संप पुकारला. तिघी बाकावर टेकल्या. समोर काचेचं भलंमोठं कपाट, आत पेंढा भरलेलं, दोन पायांवर उभं असलेलं अस्वल, शेजारी पिल्लू, आणि चक्क एक जिवंत माणूस! राखाडी डगला घालून तो मऊ ब्रशने अस्वलाची पाठ झाडत होता. धुळीने त्याला सटासट शिंका आल्या. त्याने चष्मा काढून अस्वलाच्या नखाला अडकवला, नाक पुसलं, पिल्लावरून फडकं फिरवलं, बाहेर आला, काच लावली आणि सरावलेल्या हातांनी स्क्रू पिळायला घेतला.

चष्मा आतच.

"रोज पुसता का हो?" सासूबाईंनी विचारलं.

"छे हो आजी! आता पाच वर्षं उघडायचं नाही. सारखं उघडलं की कीड शिरते."

गोटीने आईची ओढणी खेचली. "आई, चष्मा! सांग ना त्यांना."

शब्द अगदी ओठांवर आले होते. तिने ते गिळले. "तू सांग."

"तूच सांग!"

"मी नाही सांगणार."

पहिला स्क्रू बसला. दुसरा, तिसरा. आईला वाटलं, त्या बिचाऱ्याला आपण कुठे मध्ये ओढतोय! तेवढ्यात सासूबाईंनाही चष्मा दिसला. "अहो..." म्हणत त्या उठू लागल्या, तर सुनेने त्यांचं मनगट गच्च धरून खाली बसवलं. लग्नाला सात वर्षं झाली, एवढी हिंमत आज पहिल्यांदाच. सासूबाईंनी एकदा सुनेकडे, एकदा नातीकडे पाहिलं आणि ओठ मिटून घेतले.

पाचवा बसला. सहावा, शेवटचा, त्याने खिशातून काढला.

"ओ काका! थांबा! तुमचा चष्मा अस्वलाकडे राहिलाय!"

दालन दणाणलं. लोक वळून बघू लागले. त्याने कपाळ चाचपलं, खिसे चाचपले, मग काचेला नाक लावलं आणि पोट धरून हसत सुटला. "अरे बापरे! साहेबांनी मला फाडून खाल्लं असतं, अस्वलाच्या आधी!"

स्क्रू उलटे फिरवता फिरवता तो म्हणाला, "एवढ्या लांबून कसा काय दिसला गं तुला?"

"तिचं ना, लक्ष फार..." आई सवयीने बोलून गेली.

"आई, काकांनी मला विचारलंय."

आईने झटकन तोंडावर हात धरला. सासूबाई खुदकन हसल्या. तोवर गोटी थेट कपाटापाशी पोचली होती.

"तुम्ही शिंकलात ना, तेव्हापासून मी बघत होते. आणि काका, उघडताच आहात तर पिल्लाचा डावा कान पण पुसा. तो राहिलाय."